लाल झालेलं शेवाळ

सांगलीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवता शिकवता मी पंचेचाळिशीनंतर पीएच.डी.ला नाव घातलं. विषय होता ध्रुवाकडच्या बर्फावर वाढणारं सूक्ष्म शेवाळ अतिनील किरणांचा मारा कसा सोसतं, हा. शेवाळाच्या थाळ्या प्रयोगशाळेतल्या थंड कपाटात असायच्या. उन्हाळ्यात त्या बाहेर काढल्या की शेवाळ मेलंच समजा. म्हणजे ते कपाट गेलं की माझं कामही गेलं.

मी थाळ्यांवर रोज थोडा वेळ अतिनील दिवा लावत होते. काही आठवड्यांत हिरवं शेवाळ विटकरी लाल झालं.

आमचे विभागप्रमुख कवठे महांकाळच्या बेदाणेवाल्या घरातले. बेदाणा सावलीत वाळवायचा, हिरवा राहिला तर भाव, लाल-काळा पडला की हलका माल; हे त्यांच्या अंगात मुरलेलं. थाळ्या पाहून त्यांनी क्षणात निकाल दिला.

"मॅडम, माल गेला तुमचा. हिरवं गेलं की संपलं बघा. सोमवारी कपाट मोकळं करा."

कपाट सूक्ष्मजीवशास्त्राच्या लोकांना हवं होतं, हे मला ठाऊक होतं. मी सांगितलं की तो लाल रंग शेवाळानंच बनवलाय, जादा उजेड अडवायला. माझं माहेर म्हसवडकडचं. तिथल्या बायका उन्हात मेंढरांमागं जाताना पदर डोळ्यांपर्यंत ओढतात, त्यांना कुणी मेल्या म्हणत नाही. सरांना सूक्ष्मदर्शकातून दाखवलंही. त्यांना लाल तिखटाचे दाणे दिसले म्हणे.

सोमवारी मी कपाट मोकळं केलं नाही. उलट त्याला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. स्टाफरूममध्ये माझ्या वयावर आणि हट्टावर बरंच बोलणं झालं. चहा घेत मी ते ऐकलं.

अतिनील दिवा बंद करून मी थाळ्यांना नवं पोषकद्रव्य घातलं आणि कपाटातला साधा पांढरा दिवा चालू ठेवला. अतिनील किरणांनी पेशीतला डीएनए बिघडतो. साध्या उजेडातल्या निळ्या भागाच्या मदतीनं शेवाळ त्यातलं बरंच दुरुस्त करतं. त्याला वेळ लागतो, आणि दुरुस्त होणारी गोष्ट फेकायची नसते, एवढंच माझं म्हणणं होतं.

पावसाळा सुरू झाल्यावर थाळ्यांच्या कडेनं हिरवी झाक आली. मग हिरवळ मध्यापर्यंत पोचली. मी सरांना बोलावलं. त्यांनी वाकून पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"जगलं की हो," ते म्हणाले.

"लाल होतं तेव्हाही जगतच होतं, सर."

ते हसले आणि आता तरी याला सुखानं राहू द्या म्हणाले. कपाटाचा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही. ते गेल्यावर मी थाळ्यांची किरण अडवणारी झाकणं काढली आणि अतिनील दिवा पुन्हा लावला.