वाळवंटातली पांढरी मिनीबस

नोकरीतल्या बहुतेक केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कोणता आरोपी कोणत्या ठाण्यातला, हेसुद्धा कधीकधी आठवत नाही. ही एक केस मात्र अजून वेगळी उभी आहे, आणि गंमत म्हणजे ती वर्दी उतरवल्यानंतरची आहे.

महाराष्ट्र पोलिसात निरीक्षक असताना मी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि कतारमध्ये एका बांधकाम कंपनीत सुरक्षा अधिकारी म्हणून गेलो. तिथे गुरुवार-शुक्रवार सुट्टी असायची, तेव्हाची ही गोष्ट. ऑफिस दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियात होते आणि काम दुखानच्या रस्त्याला, आत वाळवंटात. तिथे कंपनीचे कुंपण घातलेले यार्ड होते. पाइप, यंत्रे, तांब्याच्या केबलची मोठी रिळे. गेटवर चोवीस तास वॉचमन. तरीही हिवाळा सुरू झाल्यापासून केबल कमी होत होती. एकदम नाही, थोडी थोडी. रीळ जागेवरच असायचे, वरचे वेढे तेवढे उतरलेले.

कुंपण कुठे कापलेले नव्हते. गेटवर प्रत्येक गाडी तपासली जात होती, ते मी स्वतः उभे राहून पाहिले. मग माल जातो कुठून?

टीप मिळाली ती आमच्या कामगारांच्या बसच्या ड्रायव्हरकडून. माणूस साताऱ्याकडचा, सरळ. एकदा सकाळी ऑफिसच्या दारात घुटमळत राहिला.

"साहेब, एक कानावर घालायचं हुतं. त्या यार्डापाशी एक पांढरी मिनीबस उभी असती. म्हातारा-म्हातारी हायत आत. आपल्याकडचीच दिसत्यात."

"तुम्ही पाहिलंत?"

"बस बघितली की. पण ती रोज हितंच असत्यात, हे वॉचमन सांगत हुता. त्यानं म्हटलं, साहेबांच्या कानावर घाल."

मी चौकशी केली. म्हातारा आमच्याच भागातल्या एका वर्कशॉपमध्ये आयुष्यभर फोरमन होता. रत्नागिरीकडचा कोकणी मुसलमान. सगळे त्याला चाचा म्हणत. निवृत्त झाल्यावर मुलाच्या व्हिसावर राहिला होता. मुलगा इंजिनिअर, दोह्यातल्या अबू हमूर भागात कुटुंबासह राहत होता. चाचाने एक जुनी मिनीबस घेतली, सीटा काढल्या, आत पलंग, शेगडी, पाण्याचे पिंप बसवले आणि चालते घर तयार केले. थंडी पडली की नवरा-बायको त्यात बसून निघत. कधी उत्तरेला अल रुवैसच्या बंदराकडे, कधी पश्चिमेच्या किनाऱ्याला, जिथे चुनखडीचे खडक वाऱ्याने छत्रीसारखे कोरले गेले आहेत. उन्हाळा जवळ आला की परत मुलाच्या घरी. स्थानिक लोक हिवाळ्यात वाळवंटात तंबू ठोकून राहतातच, त्यामुळे या जोडप्याचे कोणाला विशेष वाटत नसे.

आमच्या मॅनेजरांना मात्र एवढी माहिती पुरेशी होती.

"पुलिस को दे दो, खलास," ते म्हणाले.

मी म्हटले, आधी मला बोलू द्या.

"तुम्हारे गाँववाले हैं, इसलिए?"

"नाही," मी म्हणालो. "म्हातारा माणूस रिळावरून केबल कापून कुंपणावरून नेतो, हे मला पटत नाही. म्हणून."

त्यांनी आठवडाभराची मुदत दिली. प्रकरण पोलिसात गेले असते तर नुसती चौकशी सुरू झाली तरी मुलाच्या नोकरीवर आले असते आणि म्हाताऱ्यांना कदाचित कायमचे परत पाठवले असते. हे त्यांनाही माहीत होते, मलाही.

शुक्रवारी सकाळी मी एकटाच गेलो. यार्डापासून थोड्या अंतरावर, एका टेकाडाच्या आडोशाला मिनीबस उभी होती. दोरीवर कपडे वाळत होते. चाचा खुर्ची टाकून गळाचा दोरा सोडवत बसले होते. उंच, हाडापेराचे, पांढरी दाढी. मी मराठीत नाव सांगितले, हुद्दा सांगितला. त्यांच्या हातातला दोरा तिथेच थांबला.

"बसा साहेब. चहा घ्याल?"

चाची बाहेर आल्या. ठेंगण्या, डोक्यावरून ओढणी, हाताला तांदळाचे पीठ लागलेले. चहा झाला. मी आधी चोरीचा विषयच काढला नाही. प्रवासाचे विचारले. माणूस ज्यावर मोकळेपणाने बोलतो ते आधी बोलू द्यावे. त्याचा खरा आवाज कळला की पुढे खोटा आवाज ओळखता येतो.

चाची बोलत्या झाल्या. "लग्न झालं नि हे हिकडं आले. मी गावाला. दोन वर्षांनी येयाचे, महिन्याभरात परत. सासू-सासऱ्यांचं केलं, पोर वाढवलं. आमचा संसार साहेब, ह्या गाडीत सुरू झाला."

चाचा हसले. "मी इथल्या प्रत्येक रस्त्यावरची गाडी दुरुस्त केलेली. पण इथला समुद्र कधी बघितला नव्हता. हिनं दाखवला मला."

मग मी दोघांना वेगळे केले. चाचांना घेऊन टेकाडापर्यंत चालत गेलो आणि विचारले, "इतका मोकळा मुलूख पडलाय, मग या यार्डाजवळच का थांबता?"

"मासे मिळतात."

समुद्र तिथून चांगलाच लांब होता. परत येऊन तोच प्रश्न चाचींना विचारला, चाचांच्या कानाआड.

"पाणी मिळतं. यार्डाचा वॉचमन दर दोन दिवसांनी पिंप भरून देतो. भला माणूस."

हे खरे वाटले. पण मग चाचा खोटे का बोलले? आणि दोन माणसांना पाण्याचे पिंप एवढ्या लवकर संपते का? आणखी एक माझ्या लक्षात आले होते. मी बसजवळ सरकलो की चाचा नकळत मागच्या दाराकडे सरकत. बसच्या मागच्या भागाला जाड पडदा होता. माणूस तोंडाने काहीही सांगतो. अंग मात्र जे लपवायचे असेल त्याच्या पुढ्यात जाऊन उभे राहते. मला वाटले, केबल आत आहे.

"चाचा, मागचा पडदा उघडा."

"नाय उघडणार."

"मी उघडला नाही तर पोलीस उघडतील. मग प्रकरण तुमच्या मुलापर्यंत जाईल."

त्यांनी एकदा पडद्याकडे पाहिले. मग सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "ठीक आहे साहेब. चोरी मी केली. मला घेऊन चला. माझी घरवाली ही बस इथून चालवत नेऊ शकते. मी शिकवलंय तिला. तिला जाऊ द्या."

तीस वर्षांच्या नोकरीत मी बरेच कबुलीजबाब ऐकले. खरा चोर कबूल करतो तेव्हा आधी थोडे सांगतो, मग थोडे अधिक. हा माणूस एका वाक्यात मोकळा झाला होता. मी विचारले,

"काय चोरलंत?"

त्यांची नजर यार्डाकडे गेली.

"तुमचं जे गेलं, तेच."

त्या क्षणी माझ्यापुरते प्रकरण उलटले. या माणसाला आमचे काय गेले हेच माहीत नव्हते. मग न केलेल्या चोरीत तो स्वतःला का अडकवतो आहे? चोरीपेक्षा मोठे काय आहे त्या पडद्यामागे?

चाची पीठ झटकत उठल्या. "पुरे झालं तुमचं. म्हातारपणी चोर म्हणवून घेताय!" त्यांनी नवऱ्याला बाजूला केले आणि स्वतः दार उघडले. "बाय, ये बाहेर. मराठी साहेब आहेत."

आतून एक मुलगी उतरली. वीस-बावीसची असेल. अंगावर चाचींचा सैल कुडता. उन्हात डोळे मिचकावत उभी राहिली आणि हात जोडून म्हणाली, "मला त्या घरी परत पाठवू नका."

ती रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्यातली. दोह्यातल्या एका घरी घरकामासाठी आली होती. काम खूप होते, त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. पण दार बाहेरून बंद असायचे आणि फोन करायची मुभा नव्हती. वडील गेल्याचे तिला महिनाभराने समजले. घरी जाऊ द्या म्हणाली, तर पासपोर्ट मालकाकडे. एके दिवशी गेट उघडे राहिले आणि ती चालत सुटली. कुठे जायचे ठाऊक नव्हते. अल रुवैसच्या वाटेवर या दोघांना ती दिसली.

"मी बोललो, दूतावासात नेऊ," चाचा म्हणाले. "पण ही पोर दोह्याचं नाव काढलं की पडद्यामागं जाऊन लपायची. आणि वर्कशॉपमधले लोक सांगायचे, पळून आलेल्याला घरात ठेवलं तर ठेवणाराच आत जातो. मग एका जागी राहायचं नाय, एवढंच सुचलं. पण पाण्यासाठी फिरून इथंच यावं लागायचं."

"मुलाला सांगितलं?"

"नाय. त्याला माहीत नसलं तर त्याला विचारणार काय?"

साध्या फोरमनने केलेला हा हिशेब एखाद्या वकिलाला शोभला असता. पण तो चुकीचा होता. पोलीस मुलालाच पहिल्यांदा विचारतात.

मुलगी जरा सावरल्यावर मी सवयीने विचारले, "दिवसभर आत बसून काय करायचीस?"

"पडद्याच्या फटीतून बघायची. शुक्रवारी चाचा नमाजाला वस्तीवर जायचे, चाची नमाज पढायच्या. तेव्हा टँकर यायचा."

"कसला टँकर?"

"पाण्याचा. यार्डात जायचा, परत येऊन ह्या टेकाडाच्या तिकडच्या टोकाला थांबायचा. एक माणूस वर चढून झाकण उघडायचा आणि आतून तारांची भेंडोळी काढून दुसऱ्या गाडीत टाकायचा. मला वाटलं, त्यांचं कामच असेल."

मी त्या गेटवर कितीदा उभा राहिलो होतो! ट्रकची ताडपत्री उचलली जायची, पिकअप तपासली जायची, ड्रायव्हरच्या सीटखालीसुद्धा बघायचे. पाण्याच्या टँकरमध्ये पाणी सोडून काही असेल असे कोणाच्याच डोक्यात आले नव्हते. सुट्टीच्या दिवशी यार्डाच्या टाक्या भरायला तो यायचा आणि गेटवर फक्त वॉचमन असायचा. तोच भला माणूस, जो संशय त्यांच्यावर जावा म्हणून म्हाताऱ्यांना पिंप भरून देऊन यार्डाजवळ थांबवत होता, आणि ज्याने बस-ड्रायव्हरला "साहेबांच्या कानावर घाल" म्हणून सांगितले होते. टीप कोणी दिली हे पाहून थांबायचे नसते. टीप देणाऱ्याला ती कोणी दिली, तिथपर्यंत जावे लागते.

आता अडचण अशी की साक्षीदार एकच होती आणि तिला पुढे आणणे शक्य नव्हते. चाचा-चाचींना मी सांगितले, गाडी इथून हलवू नका. हलवली तर वॉचमन सावध होईल. मुलीला मात्र आजच घेऊन जातो.

"कुठं?" चाचींनी तिचा हात धरला.

"ओळखीच्या कुटुंबात. उद्या दूतावासात. तिथले एक अधिकारी माझ्या परिचयाचे आहेत."

"मग मी पण येते."

"तुम्ही इथं दिसायला हव्यात."

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळले. माझी उलटतपासणी घेतल्यासारखे विचारले, "तुम्हाला पोरगी आहे?"

"आहे."

"शपथ घ्या तिची."

मी घेतली. नोकरीभर मी लोकांना शपथा घालत आलो, मला कोणी घातल्याचे ते एकच उदाहरण.

दूतावासातले काम अपेक्षेपेक्षा सरळ झाले. मालकाने ती पळाल्याची नोंद केली होती, चोरीबिरीचा आरोप नव्हता. वाटाघाटी झाल्या, पासपोर्ट मिळाला, काही आठवड्यांनी ती गावी गेली.

इकडे, त्या भेटीनंतरच्या पुढच्याच शुक्रवारी आम्ही टँकर यार्डातून बाहेर पडताना गेटवर अडवला. मॅनेजर होते, स्थानिक पोलिसांचा एक तरुण अधिकारी होता. वॉचमन हसत म्हणाला, "साहब, पानी का टँकर है." मी एकाला वर चढायला सांगितले, तेव्हा त्याचे हसू गेले. झाकण उघडले. आत रिकाम्या टाकीत केबलची वेटोळी होती.

पोलीस अधिकाऱ्याने परत जाताना विचारले, "तुला कसं कळलं?"

मी म्हणालो, "मीही पोलीस होतो. खबऱ्याचं नाव सांगत नसतो."

तो हसला, खांद्यावर हात ठेवला आणि पुन्हा विचारले नाही.

मुलाला सगळे मी सांगितले, कारण चाचांना धीर होत नव्हता. तो बापावर चांगलाच भडकला. "अब्बा, माझी नोकरी गेली असती. मुलांची शाळा गेली असती. एकदा विचारायचं तरी!" मुलाचेही बरोबरच होते. अशा गोष्टींत एकाच बाजूचे बरोबर असते असे नाही. त्या वर्षी त्याने मिनीबसची किल्ली काढून घेतली. पुढच्या थंडीत आपणहून परत दिली, एक नवा मोबाइल फोन बरोबर देऊन.

बऱ्याच वर्षांनी, मी कायमचा परत आल्यावर, एकदा रत्नागिरीकडे गेलो असता चाचींना भेटलो. चाचा तेव्हा हयात नव्हते. अंगणात सुपारी वाळत टाकलेली होती. बोलता बोलता मी इतकी वर्षे विचारायचा राहिलेला प्रश्न विचारला. "चाची, ती पोर भेटली तो अल रुवैसचा रस्ता वाहता होता. इतक्या गाड्या गेल्या असतील. तिनं तुम्हालाच कसा हात केला?"

"हात कुठं केला?" चाची म्हणाल्या. "हात करणाऱ्याला कोणीतरी थांबतंच. ही नुसती बसली होती, गाड्यांकडं बघत पण नव्हती. म्हणून मी यांना बोलले, थांबवा."

आमचे सगळे खाते फिर्यादीवर चालते. कोणी ठाण्याची पायरी चढला, तक्रार दिली, की चाक फिरू लागते. त्याला इलाजही नाही. पण जो पायरीच चढत नाही, ज्याने हात करणेही सोडून दिले आहे, त्याच्यासाठी आमच्याकडे रकाना नाही. तो कोणाला तरी रस्त्यावरून जाताना दिसावा लागतो, आणि दिसल्यावर गाडी थांबवावी लागते.