रिकाम्या हाताचा झटका

पेरुंगुडीच्या ऑफिसात माझा पाय टेबलाखाली सारखा हलत असतो. बायको त्याला आजार म्हणते. मला औषध ठाऊक आहे: गळाला मोठा मासा लागला की तो आपोआप थांबतो.

पूर्वी मी कावेरीवर जायचो. नाचणीचे शिजवलेले गोळे गळाला लावायचे आणि महसीर मासा ओढेल तिकडे खडकांवरून धडपडत जायचं. मासा धरून परत पाण्यात सोडायचो, त्यामुळे स्वतःला मोठा सज्जन समजायचो. पुढे तिथे गळ टाकायला बंदी आली.

मग गेल्या वर्षी रजा काढून थायलंड गाठलं. तिथल्या एका तळ्यात माझ्या दुप्पट वजनाचा मिशाळ मासा गळाला लागला. तो झुंजलाच नाही, मुकाट्याने काठाशी आला. फोटोसाठी त्याला कवेत घेतलं, तर ओठांवर जुन्या गळांची भोकंच भोकं. माझ्यासारखे कितीतरी सज्जन येऊन गेले होते!

परत आलो तरी चुळबुळ जाईना. सासूबाई तंजावरकडच्या, देवभोळ्या. त्या मला मैलापूरच्या देवळाच्या तळ्यावर घेऊन गेल्या. हातात चुरमुऱ्यांची पुडी देऊन म्हणाल्या, “माशांना घाला. मन शांत होतं.”

मी मूठभर चुरमुरे टाकले. पाण्यात एक तोंड उघडलं, मिटलं आणि माझं मनगट झटक्यासरशी वर गेलं. हातात गळ नव्हताच.

सासूबाईंनी पुडी काढून घेतली.