मिठातल्या काडेपेट्या

तोंडवलीला सुरूच्या बनाला लागून आमचे चार तंबू आहेत. मुंबई-पुण्याकडची माणसं दोन रात्री येऊन राहतात आणि पहिल्याच संध्याकाळी विचारतात, "काकू, शेकोटी कधी?" मी म्हणते, पेटवा की तुम्हीच. मग पोरं ओली चुडतं, म्हणजे माडाच्या झावळ्या, ओढत आणतात, वर्तमानपत्राचे बोळे करतात, अर्धी काडेपेटी संपवतात, आणि धूर सगळा माझ्या तोंडावर. तेव्हा मी आतून माझा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आणते आणि दोन मिनिटांत जाळ करून दाखवते. टाळ्या पडतात. मीही जरा मिरवते, खोटं कशाला बोलू?

पण हा डबा काही मी हुशारीने भरलेला नाही. सपशेल तोंडावर पडले होते, त्यानंतर भरलाय.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. तंबू नवे नवे टाकले होते. आमचे हे आधी ट्रक चालवायचे. तो सोडला आणि मोबाइलवर काहीबाही मागवायचा नाद लागला. एक दिवस पुडकं आलं. आत बोटाएवढी काळी कांडी, तिला प्लास्टिकची मूठ, आणि दोरीने बांधलेला पत्र्याचा छोटा तुकडा.

"ह्या कित्याक हाडलंत?" मी विचारलं.

"पावसात पेटता गो. भिजला तरी ठिणगी पडता. तंबूवाल्यांक होया."

"मगे आमची काडेपेटी काय मेली?"

ह्यांनी अंगणात बसून खूप घासाघास केली. ठिणग्या छान उडत होत्या, दिवाळी नुसती! पण खाली ठेवलेलं चुडत काही पेटेना. मी पोट धरून हसले. पुढे मागच्या खोलीतल्या खिडकीच्या कोयंड्यातला खिळा हरवला, तेव्हा मी तीच कांडी त्यात अडकवून टाकली. चपखल बसली. ह्यांनी बघितलं, काही बोलले नाहीत. राग आला की हे बोलत नाहीत, हीच एक त्यांची चांगली सवय.

आग म्हटली की मला कोणी शिकवायची गरज नाही, असं मला वाटायचं. माझं माहेर वेंगुर्ल्याचं. लग्नाआधी पाच वर्षं काजूच्या कारखान्यात होते. टरफलं फोडून बोटं काळी व्हायची, कातडी सोलून निघायची. त्या टरफलांत तेल असतं, ओलं असलं तरी भडभडून पेटतं. कारखान्यातली भट्टी त्याच्यावरच चालायची. म्हणून भावाकडून मी एक पोतं टरफलं आणून माळ्यावर टाकली होती. पाहुण्यांच्या शेकोटीला ह्याच्यासारखं काही नाही, असं छातीठोकपणे सांगायचे.

आणि काडेपेट्या? त्या मिठात.

हे जरा समजावून सांगायला हवं. त्याच वर्षी मुलगी पहिल्या बाळंतपणाला घरी आली आणि मी ह्यांची विडी बंद केली. घरात तान्हं मूल येणार, धूर चालणार नाही, म्हणजे नाही. हे हो म्हणाले, पण माझा विश्वास नव्हता. म्हणून घरातल्या सहाच्या सहा काडेपेट्या मी कोठीच्या खोलीत जाड्या मिठाच्या बरणीत खोल पुरल्या. बरणीत हात घालायची ह्यांची हिंमत नाही. शिवाय नव्या चपलांच्या खोक्यात ती छोटी पुडी येते ना, ओल ओढून घेणारी? मीठही ओल ओढतंच. म्हणजे काड्या खणखणीत राहतील. एका दगडात दोन पक्षी! स्वतःवर मी भारीच खूश होते.

नात झाली ती पोट कापून. वजनाला कमी, एवढीशी. घरी आणलं आणि मुलीच्या टाक्यांत पू झाला. डॉक्टरांनी कडक औषधं दिली आणि सांगितलं, काही दिवस अंगावर पाजायचं नाही. डब्यातली पावडर द्या, पाणी खळखळून उकळलेलंच पाहिजे, दर तीन तासांनी पाजा, झोपली तर उठवून पाजा. वाटी-चमच्याने पाजायचो. बारसंसुद्धा झालं नव्हतं. पोरीचं वय नऊ दिवस.

नवव्या दिवशी वादळ आलं.

मे महिना होता. पहाटे वारा सुटला तो असा की माड जमिनीला टेकून परत उभे राहत होते. सकाळी आठ वाजता थर्मासमधल्या शेवटच्या पाण्यात मी दूध कालवलं. पोरीने ते पिऊन संपवलं आणि तेवढ्यात परसातला फणस स्वयंपाकघरावर पडला. कौलं, वासे, ओटा, सगळं खाली. देवाची कृपा, आत कोणी नव्हतं. ह्यांनी सिलेंडरपर्यंत हात घालून कसाबसा कॉक बंद केला आणि मला दटावलं, "हयसर पाय टाकू नको. वास येता."

झालं. गॅस गेला, लायटर ढिगाऱ्याखाली. वीज पहाटेच गेली होती. मोबाइलला रेंज नाही. शेजारचं घर बंद, ती माणसं आदल्या दिवशीच शाळेत जाऊन राहिली होती. आम्हालाही बोलावलं होतं. ओल्या बाळंतिणीला घेऊन कुठे जमिनीवर झोपू, म्हणून मीच नको म्हटलं होतं. आणि आता वाटेवर माड आडवे, विजेच्या तारा लोंबत होत्या.

अकरा वाजता पोर रडायला लागली. घरात पाणी होतं, दोन कळश्या. पण कच्चं.

"शहाळ्याचा पाणी देऊया?" हे म्हणाले.

"नऊ दिवसांचा पोर ता! डोक्या ठिकाणार आसा मां तुमचा?"

मागच्या पडवीचा एक कोपरा कोरडा होता. तिथे तीन चिरे मांडून चूल केली. पलंगाखाली करवंट्यांचं पोतं होतं. करवंट्या एकदा धरल्या की मस्त जळतात, पण त्या धरायला आधी जाळ लागतो. मी ऐटीत कोठीत गेले, मिठाच्या बरणीत हात घातला.

आवशीक खाव त्या मिठाच्या! बरणीत खाली पाणीच पाणी. मिठाने ओल ओढली होती हो, बरोब्बर ओढली होती, आणि ती सगळी माझ्या काडेपेट्यांना पाजली होती. सहाही पेट्यांचा लगदा. काडी हातात घेतली की टोकाचं गुल बोटाला माखायचं.

"हयसर लपवलं होतंस?" दारात उभे राहून ह्यांनी विचारलं.

"गप ऱ्हवा."

"विडी सोडूक तूच लावलंस. नायतर आज खिशात लायटर असतो."

बोलून घ्या म्हटलं. आज तुमचा दिवस आहे.

देवाच्या दिव्यापुरती बाहेर ठेवलेली एक पेटी देव्हाऱ्यात होती, तिच्यात तीन काड्या. पहिली मोडली. दुसरी फुस्स करून गेली. तिसरी पेटली, आणि मी ती वर्तमानपत्राच्या घडीला लावून तिच्यावर काजूची टरफलं रचली. ती तडतडली, तेल सुटलं, लाल-काळा जाळ उठला. मी ह्यांच्याकडे असं बघितलं की बस्स. बघितलंत? वेंगुर्ल्याची आहे मी!

वारा फिरला आणि तो काळा धूर सरळ आतल्या खोलीत शिरला.

काजूच्या टरफलाचा धूर ज्याने घेतलाय त्यालाच कळेल. डोळ्यांत मिरची गेल्यागत होतं, घसा आवळतो. कारखान्यात त्याला उंच चिमणी असते ती उगाच नाही. आणि हे मला माहीत नव्हतं? पाच वर्षं काढली मी तिथे! पण पेटतं कशाने एवढंच डोक्यात होतं, धूर कुठे जाईल याचा विचारच केला नाही. आतून मुलगी किंचाळली, "आये, पोर श्वास घेणा नाय!"

मी कळशी उचलली आणि माझ्याच हाताने त्या जाळावर ओतली.

आत धावले. पोर लालबुंद, डोळे घट्ट मिटलेले, तोंड उघडं आणि आवाज नाही. ह्यांनी तिला उचलून समोरच्या पडवीत, वाऱ्याच्या बाजूला नेलं, पाठीवर हात फिरवला. ते दोन-तीन क्षण मला आजही आठवायला नको वाटतात. मग ती खोकली. मग रडली. एवढा गोड रडण्याचा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

पण आता काडी नव्हती. एकही नाही. एक वाजून गेला होता. थोड्या वेळाने तिचं रडणं बारीक झालं, मग नुसतं कण्हल्यासारखं. रडणाऱ्या पोराची भीती वाटत नाही, गप्प होणाऱ्याची वाटते. मुलगी भिंतीला टेकून तिला छातीशी धरून बसलेली. अंगावर घ्यायचं नाही, आणि वाटीत द्यायला काही नाही.

तेवढ्यात हे उठले आणि मागच्या खोलीत गेले. खिडकी धाडधाड आपटायला लागली तेव्हा मला कळलं, काय काढून आणलंय ते. हातात ती काळी कांडी. सदऱ्याच्या आतल्या बाजूने पुसत होते.

मी हसले नाही.

ठिणगी होती, पण ती झेलायची कशावर? काथ्या दमट. दवाखान्यातून आणलेला कापूस पिशवीसकट भिजलेला. कागदाला ठिणगी लागून नुसती विझत होती. ह्यांची बोटं सोलली, तरी घासणं चालूच.

"आये, ही फाड," मुलगी म्हणाली.

बाळाची उशी पुढे केली होती तिने. चैत्रात परसातल्या सावरीची बोंडं फुटली तेव्हा मी एकेक बोंड वेचून आतला कापूस काढला होता. रेशमासारखा, फुंकर मारली तर उडून जाईल असा. तीन संध्याकाळ बसून बारीक टाके घालून ती उशी शिवली होती, कडेला हिरवी वेल काढली होती. पोरीच्या डोक्याखाली असल्याने घरात तेवढीच काय ती कोरडी.

"ही? अगो, किती मन लावून शिवलंय मी ती!"

"उशी परत शिवता येयत, आये. पोर परत मेळूचा नाय."

मी दातांनी टाका तोडला.

पहिल्या मूठभर सावरीवर ठिणगी पडली मात्र, भक्कन पेटली आणि तितक्याच पटकन गेली. करवंटीला साधी धगसुद्धा लागली नाही. हातात अर्धी उशी उरली होती. तेव्हा डोकं ठिकाणावर आलं. मुलीच्या मालिशसाठी खोबरेल तेल होतं. अर्ध्यातली अर्धी सावर मी तेलात चोळली, तिच्यावर कोरडी पिंजून ठेवली आणि करवंटीच्या शेंडीचे तंतू अंगावर घासून कोरडे करून भोवती लावले. हे वाकले. पत्र्याचा तुकडा कांडीवरून दाबून ओढला. एक ठिणगी. वरची सावर भक्कन गेली, आणि खालची, तेलातली, निवांत पेटली. दिव्याच्या वातीसारखी. तंतू धरले. करवंटीची कड लाल झाली.

"पेटली! अवो, पेटली!" मी ओरडत होते आणि दोन्ही हातांनी वारा अडवत होते. हे तळहाताला फुंकर घालत माझ्याकडे बघून हसले फक्त.

दुसऱ्या कळशीतलं पाणी टोपात चढवलं. खळखळून उकळू दिलं, वाटी-चमचा त्यातच टाकला. निवायला मात्र जीव घेतला त्या पाण्याने! परातीत टोप ठेवून हलवत बसले. पहिला चमचा पोरीच्या ओठांवरून ओघळला. दुसराही. तिसऱ्याला तिने जीभ हलवली, गिळलं, आणि मग असं तोंड पसरलं की चमचा भरायला मला वेळ पुरेना. वाटी रिकामी झाली. मुलीने हुंदका दिला, मी तिच्याकडे बघून रडले, आणि पोर ढेकर देऊन झोपी गेली. छातीवरचा चिरा उचलला गेला एकदाचा. त्या दिवशी मी ती आग विझू दिली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी वाट मोकळी झाली तोवर करवंट्या घालत राहिले.

आता डब्यात काय असतं विचारता? खोबरेल तेल चोळलेली सावर एका डबीत, कोरडी सावर दुसरीत, दोन्ही झाकणं घट्ट. करवंटीचे तुकडे. काडेपेटी आहे, पण प्लास्टिकच्या बाटलीत, आणि मिठापासून लांब. शिवाय ती कांडी. खिडकीला मी खिळा आणला. काजूची टरफलं परत भावाकडे. ह्यांनी विडी पुन्हा धरली नाही, लायटर मात्र बाळगतात, आणि तो का हे मला दाखवून दाखवून सांगतात.

दर चैत्रात मी सावरीच्या दोन उशा शिवते. एक नातीला, एक डब्यासाठी. यंदा मे महिन्यात नात आली होती. आता सगळं विचारत असते. ट्रंकेत तिला एक रिकामा अभ्रा सापडला, उसवलेला, कडेला हिरवी वेल.

"आजये, ह्येतली उशी खंय गेली?"

मी तिला मांडीवर घेतलं.

"ती तूच पिलंस गो, बाये."