लासुर्ण्यातली लिली

लासुर्ण्याचे बाबुराव तात्या बातमी घडण्याआधीच फोन करीत. नव्वदच्या दशकात मी बारामतीत एका दैनिकाचा वार्ताहर होतो. सलग तीन वर्षे फाल्गुनात एसटीडी बूथवरून तोच निरोप आला, "राव, कॅमेरा घिऊन या. लिली फुलतीया." एसटीचे धक्के खात मी पोचे. फूल नसे. कुंडीत ओली माती असे.

तात्यांच्या लष्करातल्या मुलाने हिमाचलातून तिचे पाच कंद आणले होते. तिथे बर्फ वितळला की देवदारांखाली ही पिवळी लिली मान खाली घालून फुलते, असे त्याने आईला, म्हणजे काकूंना, सांगितले. "मला दावा की," काकू तात्यांना एकदाच म्हणाल्या. त्यांना दमा होता, डोंगर चढणे शक्य नव्हते. तात्यांनी डोंगरच घरी आणायचे ठरवले. हिवाळाभर ते बारामतीहून बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून मोपेडवर नेत आणि कुंडीभोवती रचत. निम्मी वाटेतच वितळे.

"तात्या, ऊस लावा, ऊस," मी एकदा वैतागून म्हणालो.

"ऊस समदेच लावत्यात. त्यो बघाय कोण येतंय?"

चार कंद कुजले. चौथ्या वर्षी पाचव्याला दांडा आला, त्यावर कळी. फोन आला. मी पोचलो तेव्हा कुंडीत नुसती पाने होती. दांडा सकाळीच काकूंनी मोडला होता. कांद्याच्या वाफ्यात त्यांनी जन्मभर हेच केले होते. फुलाचा डेंगळा दिसला की मोडायचा, म्हणजे कांदा पोसतो.

"मला वाटलं गड्डा मोठा हुईल," काकू म्हणाल्या. "ह्यांनी येवढं जपलंय, म्हणून तर..."

मी कॅमेरा पिशवीत टाकला. तात्यांनी उकिरड्यावरून दांडा शोधून आणला आणि तांब्यातल्या पाण्यात उभा केला. मला म्हणाले, "तुमी जावा आता."

महिन्याने ते बारामतीच्या बाजारात भेटले. मी गेल्यावर तिसऱ्या दिवशी तांब्यात कळी उमलली होती, म्हणाले.

"मग फोन का नाही केला?" माझा आवाज चढला.

"तुमी म्हणला असता, उजेडात घ्या, हिकडं ठिवा, तिकडं ठिवा. आमी दोघं दिसभर बघत बसलो. ही म्हणली, लाजतंय वो."

तात्यांना जाऊन बरीच वर्षे झाली. तो एक फोन न केल्याचा राग मात्र अजून गेलेला नाही.