सीलच्या पोटातली हाडं आणि आमची खारी कुंडी

भूत-बित, करणी-बिरणी सांगणाऱ्याला मी तोंडावर मूर्ख म्हणत आलोय. आजही म्हणतो. म्हणूनच हे लिहिताना माझा मलाच संताप येतोय...

इंग्रजी अमदानी होती. विलायतेहून मी बऱ्हाणपूरला परतलो तो अर्धवट प्रबंध घेऊन. विषय — सील काय खातो. सील म्हणजे समुद्रातलं मिशाळ, मासेखाऊ जनावर. मेलेल्या सीलच्या पोटात माशांची हाडं सापडतात. ती भिंगाखाली ओळखली की त्याचं जेवण कळतं. तशी हाडं मी पेटीभर आणली होती. धुतलेली, खडखडीत कोरडी. माझी पदवी त्या पेटीवर होती.

घर गावाच्या शनवारा वेशीबाहेर, लालबागच्या वाटेवर. दारात कुंडी. परगावच्यांसाठी सांगतो — आमच्याकडे जमिनीखालून एकच पाट वाहतो, त्यावर विहिरींसारख्या कुंड्या ओळीने. वरच्या कुंडीचं पाणी आमच्यात, आमचं पुढच्या कुंडीत.

पेटी उघडली त्याच्या दुसऱ्या सकाळी वहिनीने चूळ थुंकली. "भाऊजी, पाणी खारट लागतंय हो!"

खारट कसलं, समुद्रच! वरच्या कुंडीचं गोड, खालच्या कुंडीचं गोड, मधली आमचीच तेवढी खारी. मी सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला — ग्लास पांढराफटक. म्हणजे मीठच.

मोहल्ला दारात जमला. "मेल्या जनावराचं पोट घरात आणलं, अब भुगतो!" सख्खे काका त्यांच्यात. "समुद्र ओलांडलास तेव्हाच घर बाटलं. फेक ती पेटी तापीत."

"तुमच्यातलंच कुणी मीठ टाकतंय, हरामखोरांनो!" मी ओरडलो. कुंडीवर फळ्या ठोकल्या, वर खाट टाकून स्वतः बसलो. पाणी आणखीनच खारं झालं.

मग आम्हाला वाळीत टाकलं. शेजारच्या कुंड्या बंद. भाऊ नोकरीला खंडव्याला, वहिनीला सातवा महिना. मी घागर घेऊन निघालो की दगड मारून फोडायचे. बाईमाणसावर दगड टाकत नव्हते, एवढीच काय ती त्यांची लाज. म्हणून तीच तापीवर जायची. एका दुपारी भरल्या हंड्यासकट घाटावर पडली. वैद्य म्हणाले, "पोर वाचलंय. पुन्हा हंडा उचलला तर माझा भरवसा नाही."

मी पेटी उचलली, तापीत रिकामी केली. रडलो, खोटं कशाला सांगू.

परतलो तर पाणी गोड. थेंब टाकला, ग्लास नितळ.

"बघितलंस?" काका म्हणाले.

काय बघितलं? डोंबल! खालून वाहणारं पाणी एकाच ठिकाणी खारं कसं होतं, ते त्यांनाही ठाऊक नाही, मलाही नाही. विलायतेतल्या प्रोफेसरांना सगळं कळवलं, त्यांनी उत्तरच दिलं नाही. पदवी गेली.

वहिनीला मुलगी झाली, धडधाकट. मोहल्ला आता रामराम घालतो, मी घेत नाही. पुतणी त्याच कुंडीच्या पाण्यावर वाढतेय... मी मात्र आजतागायत त्यातला एक घोट घेतलेला नाही.