माजी साहेबांचा फेटा

इंग्लंडात खासदार पडला की तो खरोखरच संपतो, हे आमच्या मलकापुरात कुणाला पटत नाही. आपल्याकडे माजी माणसाचं वजन मरेपर्यंत टिकतं. लग्नात पहिली खुर्ची आणि अडल्या कामाला एक फोन!

मी इंग्लंडात एका खासदाराच्या कार्यालयात लोकांचे अर्ज वाचायची नोकरी करत होते. तीनदा निवडून आलेला हा भला माणूस चौथ्या निवडणुकीत पडला आणि आठवड्याभरात सामान खोक्यांत भरून बाहेर पडला. माझीही नोकरी गेली, मग तिथंच दुसरी धरली. पुढे तो भारत फिरायला आला, तेव्हा मी सुट्टीवर घरीच होते. एक दिवस ये म्हटलं, तर आला बिचारा.

दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याला कराडहून आणलेला फेटा बांधला. शाल, नारळ सगळं झालं. दादा फौजेतून निवृत्त झालेले, आई गेल्यापासून एकटे. माझ्याकडे यायचा त्यांचा व्हिसा दोनदा नाकारलेला. ते नकाराचे कागद त्यांनी पाहुण्यापुढे ठेवले.

"आवं सायेब, लेकीकडं जायाचं हाय. तेवढं बघा."

त्याने कागद वाचले. चेहरा लालबुंद झाला.

"मी आता कुणीच नाही," तो मला इंग्रजीत भरभर म्हणाला. "त्यांना खोटी आशा लावू नकोस."

दादा माझ्या तोंडाकडे बघत होते. फेटा बांधून घेतलेला पाहुणा नाही म्हणतोय, हे सांगायला माझी जीभ रेटेना.

"बघतो म्हणतायत," मी म्हणाले.

परत गेल्यावर मी दादांच्या व्हिसाचा नवा अर्ज भरायला घेतला, तर दादा फोनवर अडून बसले. "नगं. सायेब बघत्यात न्हवं? त्यांच्या माघारी दुसरा अर्ज घातला तर काय वाटंल त्यास्नी?"

अशी दोन वर्षं गेली. शेवटी मी रडत रडत खरं सांगितलं. दादा हसलेच. "मोठी माणसं आसंच म्हणत्यात, मी कुणी न्हाई. लय साधा माणूस हाय गं."

माझ्या एका शब्दाने मी त्यांना बांधून ठेवलं होतं आणि आता तो शब्द मलाच परत घेता येत नव्हता.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी त्यांना विमानप्रवासाची कायमची मनाई केली. दादांनी स्वतःच फोन करून सांगितलं. आवाज दमलेला होता.

"सायबास्नी कळीव," म्हणाले. "आता घाई करू नगा म्हणावं."