ओढीच्या गुळाचे दुसरे टोक

माझे लग्न कसे ठरले, ही हकिकत आमच्या घराण्यात इतक्या तोंडांनी सांगितली जाते की लग्न नेमके कोणाचे झाले, असा प्रश्न कधीकधी मलाच पडतो. माझा मेहुणा ती एका प्रकारे सांगतो, माझी पत्नी दुसऱ्या प्रकारे, आणि त्या दिवशी ज्यांचा जन्मही झालेला नव्हता अशी माणसे तिसऱ्याच प्रकारे, भरपूर हातवारे करून. मी हे सारे मुकाट्याने ऐकून घेतले, असे कोणी म्हणत असेल तर तेही खोटे आहे. मी प्रत्येक वेळी हरकत घेतली आहे. परंतु यंदाच्या संक्रांतीला तेर गावातल्या आमच्या घरी जे घडले, त्यानंतर खरा प्रकार एकदा नीट लिहून ठेवणे मला अगत्याचे वाटते.

वाद एकाच गोष्टीचा आहे. माकणीला मुलगी पाहायला गेलो असताना तिच्या हातातल्या गुळाचे दुसरे टोक मी आपण होऊन धरले, की तिने 'धरा' म्हटल्यावर धरले? परक्याला हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. मात्र ज्याला अर्ध्याहून अधिक आयुष्य स्वतःच्याच घरात 'सांगितल्याशिवाय हात न हलवणारा' म्हणून काढावे लागले, त्याला तो क्षुल्लक वाटत नाही.

प्रथम गुळाविषयी. माझ्या सासरी ऊस होता आणि संक्रांतीच्या सुमारास घरी ओढीचा गूळ करीत. कढईत गूळ विरघळवून त्याचा पाक इतका कडक करायचा, की गार पाण्यात टाकलेला थेंब वाटीच्या तळाशी टण्णकन वाजला पाहिजे. मग तूप लावलेल्या परातीत तो ओतायचा, कडा उलथन्याने आत दुमडायच्या, आणि हाताला सोसवेल इतपत निवाला की भिंतीतल्या लाकडी खुंटीवर टाकून ओढायचा. ओढून लांब करायचा, दुमडायचा, पुन्हा खुंटीवर टाकून ओढायचा. काताच्या रंगाचा तो गोळा ओढता ओढता तांबूस होतो, मग सोनेरी होतो आणि शेवटी रेशमाच्या लडीसारखा पांढुरका दिसू लागतो. हे केवळ ओढण्याने होते. माझा एक पुतण्या त्यात सोडा घालतात असे छातीठोकपणे सांगत फिरतो. त्याने उभ्या आयुष्यात चहासुद्धा केलेला नाही, एवढेच येथे नमूद करतो.

आता तो दिवस. चुलत्यांबरोबर मी आधी तुळजापूरला देवीच्या दर्शनाला गेलो होतो आणि माकणीला दुसऱ्या दिवशी येतो असा निरोप होता. दर्शन सकाळीच झाले आणि चुलत्यांना लॉजवर बसवेना.

"सांगावा उद्याचा धाडलाय, काका," मी म्हणालो.

"मग काय झालं? पोरगी उद्या दुसरी असणार हाय का?"

या युक्तिवादापुढे काही चालले नाही. आम्ही मिळेल त्या एसटीने निघालो आणि दुपारी माकणीत, विचारत विचारत, त्या घरी पोहोचलो. सासरे शेतात होते. सासूबाई आत चुलीपाशी, दुसऱ्या कढईत अडकलेल्या. ओसरीवर जुन्या लुगड्यातली एक मुलगी खुंटीवरचा गूळ सर्व बळ लावून ओढीत होती. आम्ही उंबऱ्यात पाऊल टाकायला आणि ती खुंटी, मातीच्या ढेपळासकट, भिंतीतून निघून यायला एकच गाठ पडली. दोन पावले मागे जाऊन मुलगी सावरली. खुंटी खाली, मातीत. गूळ तिच्या दोन हातांत, मधोमध लोंबू लागलेला.

तिने आमच्याकडे पाहिले, पाहुणे कोण ते ओळखले, आणि म्हणाली, "आत या. नमस्कार करावा तर हात गुतलेत."

पाहायला आलेल्या मुलीने असे बोलण्याची तेव्हा रीत नव्हती. चुलते एक चप्पल पायात नि एक हातात अशा अवस्थेत उभे राहिले. गूळ मात्र थांबायला तयार नव्हता. तो वीतभर उतरला, हातभर उतरला. आणखी क्षणभरात जमिनीला लागला असता. तेव्हा मी पुढे झालो, बाजूच्या वाटीतल्या तुपात दोन्ही हात बुडवले आणि त्याचे दुसरे टोक धरले.

माझ्या मते या वादाचा निकाल त्या तुपातच आहे. ज्याला 'धरा' असे ओरडून सांगितले जाते, तो धावतो आणि कोरड्या हाताने धरतो. त्याचा हात पोळतो आणि चिकटतो. माझे हात पोळले नाहीत. म्हणजेच मी आधी विचार केला, मग तूप घेतले, मग धरले. ज्याने इतके सगळे केले त्याला हुकमाची गरज कुठे उरली? हा मुद्दा मी असंख्य वेळा मांडला आहे. त्यावर पत्नीचे उत्तर ठरलेले असते: "तूप मीच दावलं की. डोळ्यानं."

डोळ्याने दाखवलेल्या तुपाला साक्षीदार कोठून आणणार?

पुढच्या भागाविषयी आमच्या दोघांत दुमत नाही. ती चुलीकडच्या दाराकडे सरकायची, मी उंबऱ्याकडे, आणि मधली लड दोरखंडासारखी लांबत जायची. मग दुमडायची वेळ आली, की दोघांनी एकमेकांकडे चालत येऊन माझे टोक तिच्या टोकावर ठेवायचे. दर दुमडीला आम्ही समोरासमोर येत होतो, तेही चुलत्यांच्या देखत, आणि यात कोणाचा दोष काढायची सोय नव्हती, कारण गूळच तसा होता. चुलत्यांनी परिस्थिती ओळखून बाजेवर बैठक मारली आणि रिवाजाप्रमाणे प्रश्न सुरू केले. उत्तराचा अर्धा भाग चुलीकडच्या दारातून यायचा आणि उरलेला माझ्या नाकासमोर.

"किती शिकलीस, बाय?"

"सातवी..." ती लांब गेली. परत आली. "...पास."

"सैपाक येतो का?"

तिने नुसते त्या लडीकडे पाहिले. "येतो," असे मीच सांगून टाकले. तिला हसू फुटले, मग मला, मग आतून सासूबाईंना, आणि हसणाऱ्या माणसाच्या हातात जोर राहत नाही हे मला तेव्हा समजले. लड नाचू लागली. चुलते म्हणाले, "दोघं बी नीट धरा, पसंती झाली म्हणून सोडून देऊ नका." लग्न ठरले ते असे.

मेहुण्याची हकिकत याहून वेगळी आहे. तो तेव्हा पोरसवदा होता आणि घराच्या मातीच्या छतावर, माळवदावर, पतंग उडवीत होता. त्याचे म्हणणे असे, की दाजींनी टोक सोडले, गूळ कोंबड्यांवर पडला आणि एक कोंबडी गुळासकट गावभर हिंडली. त्याने हे माळवदाच्या झरोक्यातून पाहिले म्हणे. तो झरोका चुलीवर होता, ओसरीवर नव्हता. त्यातून त्याला दिसला असेल तर आपल्या आईचा अंबाडा दिसला असेल. शिवाय माझ्या सासूबाई माळकरी, त्या घरात कोंबड्या नव्हत्याच. यावर तो म्हणतो, "शेजारच्या होत्या, दाजी." अशा माणसाशी वाद घालायलाही एक प्रकारची तब्येत लागते. सुदैवाने ती मला आहे.

यंदा संक्रांतीला पुण्याहून नात आली होती आणि तिळगुळाला मेहुणाही आला होता. नातीने मोबाइलवर कसलीशी टॉफी दाखवली. एक यंत्र लोखंडी हातांनी तो गोळा ओढीत होते.

"आजी, तुझ्या लग्नातलं हेच ना गं?"

"लग्नातलं न्हाय, बघायच्या दिवशीचं," पत्नी म्हणाली. "आन तिथं यंत्र नव्हतं. यंत्राला एकदा बटण दाबलं की चालतं. तुझ्या आबांना दर वेळी सांगावं लागतं."

त्यावर मी 'आत्ताच करून पाहू' असे जे बोललो, त्याचा परिणाम म्हणून तासाभरात गॅसवर काळा गूळ उकळू लागला. मेहुणा पुढच्या खोलीत न्यायाधीशासारखा खुर्ची टाकून बसला. नात मोबाइल रोखून उभी राहिली. सगळ्या जगाला आता कळेल, असे ती म्हणाली.

आमच्या घरच्या भिंती सिमेंटच्या, त्यांत खुंटी नाही. पत्नीने परातीतला गोळा उचलला, खोलीच्या मध्यभागी येऊन दोन्ही हातांत लांबवला आणि गप्प उभी राहिली. नजरही माझ्याकडे नाही, थेट कॅलेंडरकडे. डाव माझ्या लक्षात आला. मी न हलावे आणि मेहुण्याने ते पाहावे, एवढ्यासाठी ती सबंध गूळ पणाला लावायला तयार होती.

"बघा आता, दाजी कवा हलत्यात," मेहुणा म्हणाला.

मी तुपाची वाटी आधीच हाताशी ठेवली होती. हात बुडवले. तेवढ्यात गूळ भसकन खाली आला आणि नातीला राहवले नाही. तिने मोबाइल सोफ्यावर टाकून खालून दोन्ही तळवे दिले. त्याच क्षणी मी टोक धरले, एक पाऊल मागे सरलो, लड ताणली. आणि मग, लड ताणल्यानंतर, पत्नी म्हणाली, "धरा."

"ऐकलंत?" मी मेहुण्याला विचारले.

"ऐकलं की. धरा म्हणली."

"कधी म्हणाली?"

"आत्ता."

"आणि मी कधी धरलं?"

त्याने बराच विचार केला. "ते बी आत्ताच."

"आबा, मी खाली बघत होते," कोरड्या हातांनी पोळून गुळात अडकलेली नात म्हणाली. "आणि मोबाइलमध्ये आता फक्त पंखा आलाय."

मी पत्नीकडे पाहिले. तिने चेहरा अगदी सरळ ठेवला. "धरलंय ते नीट धरा, असं म्हणले मी. तवा बी तसंच म्हणले होते."

माझ्या उभ्या संसारात हा पाठभेद मी प्रथमच ऐकला. 'धरलंय ते.' म्हणजे धरलेले होते. आधीच. हे तिच्याच तोंडून, तिच्याच भावासमोर बाहेर पडले होते, आणि तसे मी तेथल्या तेथे जाहीर केले. मेहुण्याने विषय कोंबडीकडे वळवण्याचा प्रयत्न केला. नातीला हसू आवरेना, तिचे हात मधोमध चिकटलेले, त्यामुळे ती हसली की आम्ही दोघेही हलत होतो. लडीला तिसरा फाटा फुटला. मेहुणा सोडवायला उठला आणि कोरड्या हाताने आला, पोळला, चिकटला. त्याला कोणी 'धर' म्हटले होते का, असे मी विचारले.

गूळ सोनेरी झाला, मग पांढुरका होऊ लागला. दुमडायला समोरासमोर आलो तेव्हा हसून हसून पत्नीचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर घसरला होता. दोघांचे हात गुंतलेले.

"चष्मा," ती म्हणाली.

मी मनगटाने तो वर सरकवला. हा मात्र हुकूम होता आणि मी तो पाळला. याबद्दल माझा काही वाद नाही.